जालूच्या नावानं

आधीच सांगून ठेवतो, पेटीचा काही दोष नव्हता. पेटी आपलं काम चोख करत होती. चूक केली ती मी, आणि तीही अशी की आमच्यासारखा बँडवालाच करू जाणे.

मी हिंदुराव वायदंडे. कराडचा. नवजीवन ब्रास बँडचा मास्तर, वय एकसष्ट, पुढचे दात सगळे शाबूत, कारण दात गेले की ट्रंपेट गेलं. जालिंदर, म्हणजे जालू, माझा धाकटा भाऊ; मला अण्णा म्हणतो. तोही ट्रंपेटच वाजवतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून चांगला, पण हे त्याच्या तोंडावर मी अजून कबूल केलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं वाजवता वाजवता त्याचं स्वतःचं राहून गेलं. माझं झालं होतं, पण माझी मालन तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. घरात उरलो आम्ही दोघं भाऊ आणि भिंतीवरची दोन ट्रंपेटं.

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, एक नियम होता. वरातीत दोघांनी एकाच सुरावर राहायचं. एकाचा दम संपत आला की त्यानं डोळा मारायचा नाही, कोपर मारायचं नाही. शेजाऱ्यानं आपणहून ओळखायचं आणि सूर उचलायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, एकच माणूस न थांबता वाजवतोय. "सूर तुटला की नवरदेवाची घोडीसुद्धा थांबते," आबा म्हणायचे. मी आणि जालू हे इतकी वर्षं करत आलोय, की त्याची छाती कधी रिकामी होणार हे मला त्याच्या आधी कळतं.

कळतं, असं मला वाटत होतं. दोन हजार सदतीस सालच्या गणपतींच्या आधी जालूनं जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, ते मी सांगणार नाही. वाचला. "काय झालं होतं ओ?" म्हणून अख्खी पेठ विचारायची. काही झालं नव्हतं! तेच तर. माणूस आतून रिकामा होत गेला आणि शेजारी उभा असून मला पत्ता नाही. दोन महिने दवाखान्यात काढून तो घरी आला, तो बोलणंच बंद करून. हो-नाहीला मान हलवायची, बस्स.

त्याच्याबरोबर घरी आली पेटी.

सरकारी नाव लांबलचक होतं, आम्ही पेटीच म्हणायचो. मोठ्या टिफिनएवढी, वर काचेचं झाकण, पुढं एक दिवा आणि खाली बारकासा कप्पा. दवाखान्याच्या सिस्टर नसीमताई मुजावर घरोघरी फिरून अशा रुग्णांकडं बघायच्या, त्यांनी ती आणून बसवली. पुण्याच्या डॉक्टर तनुजा दिवेकर मोबाईलच्या पडद्यावरून समजावून सांगायला होत्या. पेटी बनवणाऱ्यांत त्याही होत्या.

"जालिंदरना शांत करणारी, झोपेची गोळी चालू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मनाच्या आजारात ज्यांना या गोळ्या जास्त दिल्या जातात, त्यांच्यात जीव देणाऱ्यांचं प्रमाणही जास्त दिसतं."

"मग देता कशाला? आग विझवायला रॉकेल?"

नसीमताईंनी मला डोळ्यांनी दटावलं, पण डॉक्टरबाई हसल्या. "प्रश्न बरोबर आहे. आता बघा, ज्याच्या मनात कल्लोळ जास्त, त्यालाच डॉक्टर गोळी जास्त लिहिणार. मग दोष गोळीचा की कल्लोळाचा?"

मी जरा विचार केला. "म्हणजे बँड वाजतो तिथं लग्न असतं, पण बँडमुळं लग्न लागत नाही."

"अगदी! हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार," त्या म्हणाल्या. "पण गंमत अशी, की काही माणसांच्या बाबतीत दोन्ही खरं असतं. गोळी शांत करते आणि कधीकधी मनाचा ब्रेकही सैल करते. कुणाचा, कुठल्या दिवशी, हे आजवर सांगता यायचं नाही. एकदम बंद करावी तर तेही धोक्याचं. जिना उतरल्यासारखी पायरी पायरीनंच ती उतरवावी लागते. म्हणून ही पेटी. रोज संध्याकाळी सात वाजता ती फक्त त्या दिवसाची गोळी देते. त्याआधी एक मिनिट माणसाला बोलायला लावते."

"काय बोलायचं?"

"काहीही. पेटी शब्दांकडं लक्ष देत नाही. दोन शब्दांमध्ये माणूस किती थांबला, श्वास कुठं घेतला, वाक्य संपताना आवाज किती खाली बसला, त्यात कंप किती, हे मोजते. मन खचायला लागलं की हे सगळं बदलतं. माणसाच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी बदलतं."

"म्हणजे दम मोजते की," मी म्हणालो. हे मला पटलं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

जाताना नसीमताईंनी एक अट सांगितली. पहिले सात दिवस पेटी आवाज ओळखायला शिकते. सात दिवस जालूनं रोज बोललंच पाहिजे. बोलला नाही, तर त्याला घरी ठेवता येणार नाही, परत भरती.

त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं पेटीपुढं मांडी घालून बसलो. जालूनं झाकणावर अंगठा ठेवला. पेटी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, जालिंदर. आज दिवस कसा गेला?"

जालूनं तोंड उघडलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. आवाज नाही. दिवा पिवळा झाला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, पण त्याची छाती रिकामी झालेली मला दिसली.

मी सूर उचलला. "बरा गेला," मी म्हणालो. "अण्णानं पिठलं केलं होतं. गुठळ्या झाल्या होत्या."

दिवा हिरवा झाला. कप्पा उघडला.

आमचे दोघांचे आवाज पहिल्यापासून एकसारखे. मालन लग्नानंतर पाच वर्षं फोनवर जालूला "अहो, येताना कोथिंबीर आणा" म्हणायची आणि तोही गुपचूप आणायचा. पण पेटीला तर फरक ओळखायचाही प्रश्न नव्हता. पहिल्या दिवसापासून तिनं ऐकला तो माझाच आवाज. अंगठा जालूचा आणि दम माझा, असे सात दिवस गेले. सातव्या दिवशी पेटी म्हणाली, "धन्यवाद, जालिंदर. आता मी तुम्हाला ओळखते." मला तर वरात नीट पोचवल्यासारखं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. सातच्या ठोक्याला मी जालू व्हायचो आणि मनात येईल ते ठोकून द्यायचो. आज अण्णाच्या चपलेचा अंगठा तुटला. आज अण्णा दुकानदाराशी भांडला आणि हरला. आज अण्णाच्या भाकरीचा नकाशा झाला होता, आफ्रिकेचा. एकदा मी म्हणालो, "अण्णा घोरतो आणि वर म्हणतो मी जागाच होतो," तर जालूच्या ओठाचा कोपरा हलला. दीड महिन्यात पहिल्यांदा! मी इतका खूश झालो, की दुसऱ्या दिवशी स्वतःची आणखी बदनामी केली.

आता पुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो. मार्गशीर्षात मालनला जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवशी संध्याकाळी पेटीनं विचारलं, "जालिंदर, आज दिवस कसा गेला?" मी नेहमीसारखं सुरू केलं. "आज वहिनीचा दिवस. अण्णा सकाळपासून शीळ घालतोय. अण्णा शीळ घालायला लागला की ओळखावं." आणि मग तोंड थांबेचना. "अण्णाला झोप येत नाही. अण्णाला वाटतं, एकदा जालू उभा राहिला की आपलं काम संपलं. मग आपण असलो काय आणि नसलो काय."

मिनिट संपलं. जालू माझ्याकडं टक लावून बघत होता.

"नाटक रे," मी हसलो. "पेटीला काहीतरी सांगावं लागतंच ना."

पण खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. स्वतःच्या नावानं जे मी मालनच्या तेराव्यालासुद्धा बोललो नव्हतो, ते जालूच्या नावानं रोज बोलायला लागलो. लोकांत मी हसरा मास्तर. हिंदुरावला कसलं दुःख, तो तर दुःखालाही नाचवील! आणि सात वाजता दुसऱ्याच्या अंगठ्याआडून मी माझं सगळं ओतायचो. जालू मुका, पेटी शब्द ऐकत नाही. यापेक्षा बरी जागा कुठली?

आणखी एक. एखाद्या दिवशी जालू गोळी नको म्हणून मान हलवायचा. मी ती आबांच्या पितळी डबीत टाकायचो, जिच्यात ते ट्रंपेटचं माउथपीस ठेवायचे. औषध वाया घालवू नये, असं मी स्वतःला सांगायचो. थाप! त्या मी का साठवत होतो ते मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी दाखवत होतो, तेही मलाच. रोज दुपारी एकदा ती डबी हातात घेऊन बसायचो आणि परत ठेवायचो.

संक्रांतीला डबी जागेवर सापडेना. मी सगळं घर उलथं-पालथं केलं. जालू तीळ भाजत होता. त्यानं विचारलं नाही मी काय शोधतोय, आणि मीही सांगितलं नाही.

हो, तीळ भाजत होता! कारण एव्हाना जालू हळूहळू उभा राहत होता. पहिला शब्द बोलला तो "चहा?" सकाळी कप माझ्यापुढं ठेवून. मी रडलो, आणि साखर जास्त झाली म्हणून बोंबललो. मग तो रोज उठायला लागला. माझ्या आधी उठायचा, मी जेवलो का बघायचा, मी बाहेर निघालो की चपला घालून मागोमाग यायचा. मला वाटायचं, वा, पोरगं सुधारतंय. नसीमताईंनाही ते दिसलं आणि डॉक्टरबाईंनी त्याची गोळी एक पायरी खाली उतरवली.

एकदा तो म्हणाला, "अण्णा, पेटीशी मीच बोलतो की आता."

"येडा आहेस का? ती तुला ओळखत नाही. मधेच आवाज बदलला तर आपण पकडले जाऊ, आणि नेतील तुला. गप अंगठा ठेव."

तो गप अंगठा ठेवायचा. पण गोळी उतरवल्यानंतर पेटीचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी होत चालला होता. मी म्हणायचो, मशीनच ते, बिघडलं असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी दारात गाडी थांबली. नसीमताई उतरल्या, त्यांच्याबरोबर दवाखान्याची दोन माणसं. ताईंचा चेहरा उतरलेला होता.

"अण्णा, पेटीनं तीन दिवस सलग तांबडा दिवा दाखवलाय. जालिंदरभाऊंना न्यावं लागेल."

"कुणाला?" मी ओरडलो. "तो बघा, आत भाकऱ्या थापतोय. बघा तरी कशा गोल! असा माणूस जीव देतो का?"

"वरून बरी दिसणारी माणसंच फसवतात, अण्णा. मला पण ते बरे दिसतात. पण आतलं पेटीला कळतं. उद्या काही झालं तर तुम्ही मला माफ कराल का?"

खरं सांगावं तर माझी लबाडी उघडी पडणार, नाही सांगावं तर जालू जाणार. नुकता बोलायला लागलेला माणूस परत त्या दारांच्या आत.

जालू पिठाच्या हातानं बाहेर आला. काही न बोलता पेटीपुढं बसला, झाकणावर अंगठा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझं नाव जालिंदर वायदंडे. मी आज पाच भाकऱ्या केल्या. सहावी अर्धी राहिली, कारण ताई आल्या."

पेटी म्हणाली, "हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. कृपया जालिंदर यांना बोलू द्या."

मला हसू आलं. खरंच आलं. ते थांबेना, आणि मग कळलं की मी हसत नाहीये.

मी सगळं सांगून टाकलं. नसीमताईंनी ते ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथं डॉक्टरबाईंना फोन लावला. डॉक्टरबाई चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. "हिंदुराव, चार महिने आम्हाला जालिंदरची काही खबरच नव्हती! आंधळ्यासारखी आम्ही त्यांची गोळी उतरवली. यात त्यांचं काही झालं असतं तर?"

"चुकलो," मी म्हणालो. "सांगाल ती शिक्षा. पण आता कळलं ना, तो बरा आहे. गाडी परत पाठवा."

मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "गाडी परत नाही पाठवता येणार. पेटी चुकलेली नाही. हा आवाज ज्याचा आहे तो माणूस खचलाय, असं ती कधीपासून सांगतेय. आम्ही फक्त नाव चुकीचं वाचलं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. पडला तसा मी भडकलो. "मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे! परवा उंब्रजला लग्न वाजवायचंय!"

जालू उठला. आपल्या अंथरुणाच्या वळकटीत हात घालून त्यानं आबांची पितळी डबी काढली आणि नसीमताईंच्या हातात दिली.

"ही संक्रांतीपासून माझ्या उशाखाली आहे," तो म्हणाला. "अण्णा घरभर शोधत होता."

नसीमताईंनी डबी उघडून आत बघितलं आणि पटकन मिटली. मला एवढी लाज वाटली, की जालूकडं बघवेना.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"रोज शेजारी बसतोय की. पेटी शब्द ऐकत नसंल, मी ऐकतोय." त्याचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. "मला झोपूनच राहायचं होतं, अण्णा. पण तू माझ्या नावानं काय काय बोलायला लागलास. म्हटलं, आता याला बघायला कोण? म्हणून उठलो."

"मग सांगितलं का नाहीस, बाबा?"

"बोललो असतो तर लबाडी उघडी पडली असती आणि मला नेलं असतं. मग तू घरात एकटा. तेवढ्याला भ्यालो. मी पण चुकलोच." पिठाच्या हातानं त्यानं माझा दंड धरला. "उंब्रजचं मी बघतो."

"तू? सहा महिने ओठ लावला नाहीस ट्रंपेटाला."

"फुटेल सूर, फुटू दे. तुझा दम संपलाय, अण्णा. आबांनी काय सांगितलंय? आता तू थांब, मी घेतो."

गाडी जालूसाठी आली होती, बसलो मी. जालूही शेजारी बसला. माझ्या दंडावर त्याच्या पाच बोटांचं पीठ होतं ते मी दवाखान्यात पोचेपर्यंत झटकलं नाही.

तीन आठवडे राहिलो. डॉक्टरांनी मला जालूची गोळी दिली नाही, वेगळं औषध दिलं आणि त्याहून जास्त बोलायला लावलं. बोलणं हे ट्रंपेटापेक्षा अवघड काम आहे, माझ्या अनुभवानं सांगतो. उंब्रजला जालूचा सूर दोनदा फुटला म्हणे. नवरदेवाची घोडी काही थांबली नाही.

मी घरी आलो त्या दिवशी नसीमताईंनी पेटी नव्यानं लावून दिली. आता तिच्यात दोन नावं, दोन कप्पे. झाकणावर आता अंगठा ज्याचा, तोंडही त्याचंच. ताईंनी मला दरडावून सांगितलं, "अण्णा, शेजारी बसायला हरकत नाही. पण एकानं दुसऱ्याच्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही. समजलं?"

"समजलं, मालकीणबाई," मी म्हणालो.

सात वाजले. आधी जालू बोलला. पूर्ण एक मिनिट त्यानं माझ्या घोरण्याची तक्रार केली, दवाखान्याचं जेवण खाऊन मी कसा माजलोय तेही सांगितलं. दिवा हिरवा झाला. मग त्यानं अंगठा काढला, मी ठेवला.

"नमस्कार, हिंदुराव. आज दिवस कसा गेला?"

"मस्त!" हे माझ्या जिभेवर तयारच होतं. जन्मभर घोटलेलं. पण ते बाहेर येईना, आणि दुसरंही काही येईना. घशात नुसती हवा. दिवा पिवळा झाला.

जालूचे ओठ उघडले. त्याला आता सूर उचलायचा होता, मला दिसलं ना. त्यानं ते घट्ट मिटले. मग वरात सुरू होताना आबा घ्यायचे तसा त्यानं नाकातून मोठा श्वास घेतला, सगळ्या बँडला ऐकू जाईल एवढा. चाळीस वर्षांची सवय. तो श्वास ऐकला की माझी छाती आपोआप भरते.

"बरा नव्हता," मी म्हणालो. "मालनची फार आठवण आली. दुपारी उगाच ती डबी शोधली. मग आठवलं, ती ताईंनी नेली. मग जालूला हाक मारली आणि त्याला सांगितलं, मी डबी शोधत होतो म्हणून. त्यानं चहा केला. साखर जास्त झाली होती."

"धन्यवाद, हिंदुराव," पेटी म्हणाली. "मिनिट झालं."

मी बोलतच राहिलो.